किल्ल्यात बाकडी टाका

किल्ल्याची बाग झाली म्हणून हळहळणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना पहिल्याच ओळीत सांगतो: किल्ला बागेने मरत नाही, एकटेपणाने मरतो. जिथे कुणाचा पाय पडत नाही तिथे तटाच्या सांधीत पिंपळ रुजतो, पुढच्या पावसाळ्यात चिरा निखळतो आणि निखळलेला चिरा कुणाच्या तरी जोत्यात जाऊन बसतो. त्यासाठी शत्रूची फौज यावी लागत नाही. दुर्लक्ष पुरतं, आणि ते आपल्याकडे मुबलक आहे.

आजचा विषय समुद्रकाठचा एक किल्ला आहे. जालन्याच्या वाचकाने समुद्राचं का वाचावं? कारण त्या किल्ल्याने एक प्रश्न सोडवला आहे आणि तोच प्रश्न आपल्या गावात अजून पडून आहे.

जालन्याहून मुंबई आता जवळ आली आहे. ३० डिसेंबर २०२३ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. तिच्या आधीपासून देवगिरी, तपोवन होत्याच. कुणी नातलगाच्या लग्नाला जातो, कुणी पोराच्या मुलाखतीला, कुणी दवाखान्याच्या फेऱ्या मारायला. काम उरकलं की एक संध्याकाळ समुद्रासाठी ठेवतो. जुहू, गिरगाव, नाही तर वांद्र्याचं बँडस्टँड. बँडस्टँडवर आपण काय करतो? नटाच्या बंगल्याच्या फाटकापुढे उभे राहतो, बंद फाटकाचा फोटो काढतो आणि परत फिरतो.

माझा आग्रह एवढाच की परत फिरू नका. त्याच रस्त्याने समुद्र उजव्या हाताला ठेवून सरळ चालत राहा. रस्ता संपतो तिथे मोठं हॉटेल आहे आणि हॉटेलच्या पायथ्याशी वांद्र्याचा किल्ला आहे. फाटक उघडं, तिकीट नाही, कुणी अडवत नाही. ज्या फाटकातून आपल्याला कधीच आत घेणार नाहीत त्यापुढे तासभर उभं राहायचं आणि आपल्या हक्काच्या फाटकापर्यंत जायचंच नाही, ही सवय आधी मोडू या.

आत गेलं की पहिली गोष्ट जाणवते ती उतार. किल्ला एका पातळीवर नाहीच. वरच्या अंगाला साधारण २४ मीटर उंची, आणि तिथून टप्प्याटप्प्याने तो थेट भरतीच्या पाण्यापर्यंत उतरत जातो. पायऱ्या, पायवाटा, माडाची झाडं, मधेच एक खुलं रंगमंदिर, खाली काळ्या खडकांवर फुटणाऱ्या लाटा. समोर २००९मध्ये सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू. सकाळी चालायला येणारे निवृत्त लोक, दुपारी माडाच्या सावलीत पुस्तक उघडून बसलेली पोरं, संध्याकाळी घरची मंडळी, नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या. किल्ल्यावर इतकी माणसं आणि तरीही किल्ला शाबूत, हे दृश्य मराठवाड्यातल्या माणसाने मुद्दाम बघण्यासारखं आहे.

आता तो बांधला कुणी आणि कशासाठी, ते पाहू. बाकावर बसणाऱ्याला हे ठाऊक हवं.

पोर्तुगीजांनी १६४०मध्ये इथे टेहळणीची चौकी उभारली. जागा नेमकी हेरली होती. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला माहीमची खाडी, पलीकडे माहीमचं बेट. खाडीत शिरणारं एकही गलबत नजरेतून निसटणार नाही अशी मोक्याची जागा. शिवाय गोड्या पाण्याचा झरा होता. किनाऱ्याने जाणारी जहाजं इथे थांबून पिण्याचं पाणी भरून घेत. पाण्याच्या ठिकाणावर ज्याचा ताबा त्याची सत्ता, हे जालन्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. टँकरच्या रांगेत उभं राहून आपण ते शिकलो आहोत.

१६६१च्या विवाह करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबईची बेटं इंग्लंडच्या राजाकडे गेली. वांद्रे आणि ते ज्या बेटावर आहे ती सगळी साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. खाडीच्या एका काठी वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला, दुसऱ्या काठी माहीमचा इंग्रजी किल्ला. पुढची पाऊणशे वर्षं दोन परक्या सत्ता एकाच खाडीकडे डोळे लावून बसल्या.

मग मराठे आले. १७३७मध्ये ठाणं पडलं. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. घाबरलेल्या पोर्तुगीजांनी इंग्रजांकडे मदत मागितली, तर इंग्रजांनी सुचवलं की वांद्र्याचा किल्ला पाडून टाका. तो मराठ्यांच्या हाती गेला तर तिथली प्रत्येक तोफ माहीमवर रोखली जाईल, ही त्यांची भीती. त्याप्रमाणे किल्ल्याचा काही भाग पाडला गेला. म्हणजे आज तिथे अर्धामुर्धा तट दिसतो, तो सगळा काही काळाने खाल्लेला नाही. मराठ्यांच्या धाकाने पाडलेल्या भिंतीही त्या हिशेबात आहेत. सेल्फी काढताना पाठीमागे काय आहे ते माहीत असावं.

आता जालन्याचा धागा. चिमाजी अप्पांचे थोरले बंधू बाजीराव १७२७च्या मोहिमेत जालना-सिंदखेडच्या मुलखात उतरले होते. निजामाविरुद्धची ती मोहीम १७२८मध्ये पालखेडला निकाली निघाली. एक भाऊ आपल्या मातीत लढला, दुसरा त्या किनाऱ्यावर. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेऊन साष्टी बळकावली आणि वांद्रे मराठ्यांच्या हातून गेलं. १७८२च्या सालबाईच्या तहानेही साष्टी परत आली नाही. त्यानंतर एकवीस वर्षांनी तेच इंग्रज आपल्या दारात उभे राहिले. १८०३च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला आपल्याच जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेला. केळणा नदीच्या दोन काठांना समोरासमोर दोन गावं दिसली, त्यावरून मधे उतार असणारच असं त्याने ताडलं आणि तिथून फौज पार केली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. वांद्र्याच्या खाडीकाठी आपण जे गमावायला लागलो, त्याचा मोठा हप्ता केळणेकाठी भरला. तेव्हा वांद्र्याचा किल्ला हा मुंबईकरांचा मामला आहे असं जालनेकराने म्हणू नये. त्या गोष्टीचं पुढचं पान आपल्या जिल्ह्यात आहे.

इंग्रजांची सत्ता स्थिर झाली आणि किल्ल्याचं काम संपलं. १८३०मध्ये ही जमीन बैरामजी जीजीभॉय या पारशी दानशूर गृहस्थांकडे गेली आणि भूशिराला त्यांचं नाव पडलं. मग दीर्घ काळ तोच एकटेपणा. भरतीचं पाणी तटाच्या पायात शिरत राहिलं, दगडामधला चुना धुऊन नेत राहिलं. पायात पोकळ्या झाल्या. प्रवेशाची विटांची कमान कोसळायच्या बेतात आली.

इथे गोष्ट वळली. वांद्र्याचे रहिवासी पुढे आले. बँडस्टँडच्या रहिवाशांचा एक ट्रस्ट होता. त्याने २००३मध्ये किल्ल्याच्या जतनाचं काम हाती घेतलं. त्या वेळच्या राज्यसभा खासदार शबाना आझमी यांनी आपल्या निधीतून पैसा दिला. वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी आराखड्याचं काम पाहिलं. कमान सावरली, तटाच्या पायातल्या पोकळ्या भरल्या, असलेली झाडं राखली, चालायला वाटा केल्या, बसायला जागा केली, खुलं रंगमंदिर बांधलं. त्यानंतर तिथे गाण्याचे, नाटकांचे, नृत्याचे कार्यक्रम होऊ लागले. किल्ल्याला पुन्हा माणसं मिळाली.

या कामातली एक गोष्ट अधोरेखित करतो. किल्ला नवाकोरा करायचा मोह त्यांनी टाळला. पडलेला बुरूज सिमेंटने उभा केला नाही, पाडलेला तट पुन्हा बांधून खोटा इतिहास उभारला नाही. जे पडत होतं ते धरलं, जे पडलं होतं ते तसंच राहू दिलं आणि उरलेल्या जागेत माणसाला बसवलं. आपल्याकडे सुशोभीकरण म्हटलं की रंगीत फरशी, प्लास्टिकचं हरिण आणि उद्घाटकाच्या नावाचा भला मोठा संगमरवर. त्यातून किल्ला सुटला, हेच त्या कामाचं मोठेपण.

किल्ल्याचं पुढे काय करायचं, याची उत्तरं महाराष्ट्राने नाना तऱ्हांनी दिली आहेत. ठाण्याचा किल्ला १८३३पासून तुरुंग आहे. अनंत कान्हेरे यांना १९१०मध्ये तिथेच फाशी झाली. आजही तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे ठाणेकराला आपला किल्ला पाहायचा तर बाहेरच्या भिंतीवर समाधान मानावं लागतं. माहीमच्या किल्ल्यावर पिढ्यान्‌पिढ्या झोपड्या होत्या. अलीकडे महापालिकेने तिथल्या अडीचशेहून अधिक कुटुंबांना दुसरीकडे घरं दिली आणि तट मोकळा केला. दोष त्या कुटुंबांचा नव्हता. किल्ला बेवारस टाकला की ज्याला छप्पर नाही तो तिथे जाणारच. बेवारस टाकणाऱ्यांनी मग अतिक्रमणाच्या नावाने गळा काढू नये.

मुंबईचा मूळ किल्ला, ज्याच्यावरून फोर्ट भाग ओळखला जातो, त्याचे तट गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६०च्या दशकात पाडले गेले. पण त्या किल्ल्यापुढे तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं मैदान राखलेलं होतं. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तिथे बांधकामाला मनाई होती. ओव्हल, क्रॉस, आझाद, कूपरेज ही आजची मैदानं त्याच मोकळ्या जागेचे तुकडे आहेत. ज्या जमिनीवर माणसं टिपायची होती तिथे आज पोरं क्रिकेट खेळतात. युद्धाच्या जागेचा याहून चांगला शेवट मला सांगा.

गोव्याचा रेइश मागुश किल्ला १९९३पर्यंत तुरुंग होता. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला. हेलन हॅम्लिन ट्रस्ट, इंटॅक आणि गोवा सरकार यांनी मिळून काम केलं आणि २०१२मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला. कैद्यांच्या कोठड्या होत्या त्या वास्तूत आज मारिओंची चित्रं लागली आहेत. न्यूयॉर्कच्या टोकाला १८११मध्ये पुरा झालेला कॅसल क्लिंटन नावाचा तोफखाना आहे. तो आधी किल्ला, मग करमणुकीचं सभागृह, मग देशात नव्याने येणाऱ्यांची नोंदणी करणारं ठाणं, मग मत्स्यालय, आणि आज एका सार्वजनिक बागेतलं राष्ट्रीय स्मारक आहे. त्याने इतक्या नोकऱ्या बदलल्या म्हणूनच तो उभा राहिला. ज्या वास्तूला काम असतं ती पाडायला लोकांचे हात धजत नाहीत.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. बोरी नदीवरचा नळदुर्ग. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला पाणीमहाल आणि त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे सगळ्यांना माहीत आहेत. राज्य संरक्षित स्मारकं संगोपनासाठी देण्याची सरकारची योजना आहे. तिच्यात सोलापूरच्या एका कंपनीने हा किल्ला घेतला. झाडी साफ झाली, हिरवळ आली, पाण्यात नावा आल्या, कुटुंबं यायला लागली. मराठवाड्यात हे होत नाही, ही सबब त्या दिवशी संपली.

तर आता आपल्या घरी.

जालन्याचा किल्ला १७२५मध्ये निजाम-उल-मुल्क असफजाह याच्या हुकुमाने काबिलखानाने बांधला. त्याच्या आदल्याच वर्षी साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामाने मुघल सुभेदाराला हरवून दख्खन आपल्या हाताखाली घेतली होती. म्हणजे नव्या सत्तेने पाय रोवताना उभारलेल्या वास्तूंपैकी ही एक. विटांचं काम, वरून दगडी मढवणूक, चौकोनी आखणी, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज, आत फारसी शिलालेख. बालेकिल्ल्यात दालनं आणि ओवऱ्या असलेली भली मोठी विहीर. हा बालेकिल्ला म्हणजे मस्तगड. गॅझेटियर सांगतं की पुढे त्यात नगरपालिकेची कार्यालयं थाटली गेली.

आज जालन्यात मस्तगड म्हटलं की लोकांना पत्ता आठवतो. रिक्षावाला नेऊन सोडतो, माणूस आपल्या कामाला जातो. त्या नावाचा बालेकिल्ला आहे, त्यात दालनांची विहीर आहे, त्याचा ताबा घ्यायला १८०३मध्ये इंग्रजांनी फौज धाडली होती, हे आपल्या पोरांना सांगितलं कुणी? ज्या गावाने स्टील आणि बियाणं यांत देशभर नाव कमावलं, त्या गावाला स्वतःचा किल्ला तोंडओळखीपुरताही माहीत नसावा, याची मला मनापासून खंत वाटते.

या किल्ल्यात लोकांसाठी बाग झाली पाहिजे, ही माझी मागणी आहे. त्यावर काय आक्षेप येतील ते मला माहीत आहेत. एकेकाला उत्तर देतो.

पहिला आक्षेप: हा किल्ला आपला नाही, निजामाचा आहे. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आणि किनारदुर्ग त्यात आहेत. प्रत्येक मराठी माणसाची मान त्या दिवशी उंच झाली, माझीही. पण त्या यादीत नाव नाही म्हणून बाकीचे किल्ले बेवारस होत नाहीत. वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांचा, तरी तो आज वांद्र्याचा आहे. जालन्याच्या किल्ल्याचे दगड घडवणारे, विटा भाजणारे, पाणी शेंदणारे हात याच मातीतले असणार. तीनशे वर्षं जो आपल्या गावात उभा आहे तो आपला. त्याला कुळ विचारत बसू नका.

दुसरा आक्षेप: बाग केली की जोडपी येऊन बसतील. बसू द्या. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात, तिथे नवरा-बायकोला चार वाक्यं निवांत बोलायला जागा नाही. लग्न ठरलेल्यांना भेटायला जागा नाही. कॉलेजातल्या मुलामुलींना हॉटेलात चहाचे पैसे भरल्याशिवाय बसायला जागा नाही. वांद्र्याच्या किल्ल्यावर जोडपी बसतात, त्यांच्या शेजारी आजी-आजोबा बसतात, आणि कुणाचं काही बिघडत नाही. गावात बसायला सभ्य, उजेडाची जागा नसणं, हाच मला गैरप्रकार वाटतो. हटकायचं तर तटावर खिळ्याने नाव कोरणाऱ्याला हटका. केंद्र संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. प्रेमाचा गुन्हा होत नाही, दगडावर ओरखडा काढला की होतो.

तिसरा आक्षेप: बागेने पावित्र्य जातं. कचऱ्याने जातं, दारूच्या बाटल्यांनी जातं, आडोशाला केलेल्या घाणीने जातं. माणसांचा राबता असला की यातलं निम्मं आपोआप थांबतं, कारण चार डोळे असले की माणूस सावरून वागतो. पूर्वी किल्ल्यावर पहारेकरी होते. आज रोज सकाळी चालायला येणारी शंभर माणसं हाच पहारा. त्यातला एक जरी म्हणाला की कालपर्यंत हा दगड इथे होता, तरी चोराची हिंमत खचते. हा पहारा सरकारला पगाराने उभा करता येत नाही. तो जागेच्या मायेनेच उभा राहतो.

चौथा आक्षेप: पैसा कुठून आणायचा? याचं उत्तर जालन्याने स्वतःच देऊन ठेवलं आहे. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव गाळाने भरला होता. घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा राहिला आणि उद्योजकांपासून सामान्य माणसापर्यंत लोकांनी वर्गणी काढून गाळ उपसला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. दुष्काळाने गांजलेल्या गावाने आपला तलाव आपल्या हाताने मोकळा केला. ज्या गावाला तलाव वाचवता येतो त्याला तट का वाचवता येणार नाही? पैशाआधी चार माणसांनी एकत्र बसावं लागतं. वांद्र्यात ती बसली, घाणेवाडीसाठी जालन्यात बसली. मस्तगडासाठीही बसावीत.

बाग म्हणजे काय काय, तेही स्पष्ट मांडतो, नाही तर उद्या किल्ल्यात कारंजं उभं राहायचं.

बालेकिल्ल्यातली कार्यालयीन बांधकामं आणि अडगळ टप्प्याटप्प्याने हलवावी. जालना आता महानगरपालिका आहे. कागद ठेवायला तिला तीनशे वर्षांची वास्तू लागू नये. विहिरीचा गाळ काढावा, दालनं बळकट करावीत, मजबूत कठडा बसवून ती लोकांना दाखवावी. तटाची दुरुस्ती जुन्या वास्तूंच्या जाणकाराकडून आणि चुन्यानेच करून घ्यावी. सिमेंट ओलावा कोंडतं आणि जुनी वीट आतून कुजवतं, हे ठेकेदाराला आधी लिहून द्यावं. फारसी शिलालेख काचेमागे नीट जपून त्याशेजारी त्याचा मराठी, उर्दू आणि हिंदी अर्थ लावावा. बसायला बाकडी हवीत, संध्याकाळी उजेड हवा, आणि बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं. ही शेवटची गोष्ट नसली तर ती बाग निम्म्या गावासाठी बंदच आहे असं समजा. झाडं इथलीच लावावीत, कडुनिंब, बेल, आवळा, आणि तटापासून लांब, म्हणजे मुळं भिंतीत शिरणार नाहीत. तिकीट नको. बागेच्या उंबरठ्याने गरिबाला अडवू नये.

आणि एक फलक असईचा. मस्तगड पाहून झालं की इथून असई कशी गाठायची, तिथे काय घडलं, कोणत्या नदीच्या उताराने लढाईचा निकाल फिरवला, एवढं त्यावर असावं. शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला जातात, जाव्यातच. पण वेलिंग्टनच्या चरित्रांत ज्या गावाचं नाव येतं ते गाव आपल्याच जिल्ह्यात आहे, हे सातवीच्या पोराला बसमधून उतरून बघता आलं पाहिजे.

मोतीबागेत सकाळी फिरणारे जालनेकर मला ठाऊक आहेत. चपळ आहेत, गप्पिष्ट आहेत, गावाच्या प्रश्नांवर तावातावाने बोलतात. त्यांना माझं सांगणं आहे. आठवड्यातली एक सकाळ मस्तगडाला द्या. आज तिथे हिरवळ नसेल, बाकडं नसेल, तरी जा. तुम्ही जायला लागलात की झाडूवाला येईल, झाडूवाला आला की नगरसेवक येईल, नगरसेवक आला की फाइल हलेल. वांद्र्याच्या लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. ते आधी किल्ल्यावर गेले आणि मग सरकारला तिथे यावं लागलं.

आपण समुद्र पाहायला चारशेहून अधिक किलोमीटर जातो आणि परक्यांनी बांधलेल्या, तिथल्या लोकांनी वाचवलेल्या किल्ल्याच्या कठड्यावर बसून वारा खातो. जरूर जावं. पण तिथून उठताना एक प्रश्न बरोबर घेऊन यावा: आमच्या गावच्या किल्ल्यात बसायला जागा का नाही? हा प्रश्न आपल्या नगरसेवकामार्फत येत्या महासभेत मांडता येतो. त्याला द्यायच्या अर्जावर नागरिकाची एक सही पुरते. पहिली सही मी करतो आहे. दुसरी तुमची असू द्या.